घरचं दूध-कॅरेमल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध-कॅरेमल म्हणजे नक्की काय? कॅरेमल सॉस तोच ना?

नाही. कॅरेमल सॉसमध्ये आधी कोरडी साखर जाळतात आणि मग त्यात लोणी, क्रीम ओततात. साखरेचा रंग बदलायला साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. दूध-कॅरेमलमध्ये दूध आणि साखर पहिल्यापासून एकत्र आटवतात. पातेल्यातलं तापमान १०५ अंशांच्या आसपासच राहतं, त्यामुळे साखर जळतच नाही. तपकिरी होतं ते दूध. दुधातली प्रथिनं आणि दुधातलीच साखर (लॅक्टोज) उष्णतेने एकमेकांशी जुळतात आणि तो रंग, तो खमंगपणा येतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा रंग याच प्रक्रियेने येतो. खवा जास्त वेळ भाजायचा, एवढंच तिथलं गुपित.

अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये याला दुल्से दे लेचे म्हणतात, ब्राझीलमध्ये दोसे दे लेइते. मेक्सिकोत शेळीच्या दुधाचं करतात, त्याला काहेता म्हणतात. आपल्याकडे बासुंदी आटवता येणाऱ्याला यातलं ऐंशी टक्के काम आधीच येतं.

साहित्य किती आणि किती कॅरेमल होतं?

फुल क्रीम दूध १ लिटर, साखर २५० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा (सपाट, शीग लावून नाही), मीठ चिमूटभर, व्हॅनिला इसेन्स एक चमचा. एवढ्याचं साधारण ५५० ते ५७० ग्रॅम कॅरेमल होतं.

हा आकडा अंदाजपंचे नाही. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट आणि ९ टक्के बाकीचे घन पदार्थ असतात, म्हणजे लिटरमागे दीडशे ग्रॅम. त्यात २५० ग्रॅम साखर मिळवली की झाले ४०० ग्रॅम. पावाला लावता येईल अशा कॅरेमलमध्ये तीसेक टक्के पाणी असतं, म्हणून एकूण वजन ५७० ग्रॅमच्या आसपास येतं. टोन्ड दुधाचं ५२० ग्रॅम मिळेल आणि चव थोडी हलकी लागेल.

यातूनच एक सोपी युक्ती निघते. पातेल्याचं वजन आधी करून कागदावर लिहून ठेवा. ‘झालं की नाही’ अशी शंका आली की पातेलं उचलून काट्यावर ठेवायचं. पातेल्याचं वजन वजा जाता ६०० ग्रॅम भरलं तर सॉससारखं ओतता येईल, ५७० ला पावाला लावण्याजोगं, ५२० ला केकच्या थरात किंवा बिस्किटांच्या मध्ये टिकेल असं घट्ट. थर्मामीटर इथे फार मदत करत नाही, शेवटच्या टप्प्यात पारा दोन-तीन अंशच हलतो.

म्हशीचं दूध घ्यावं की गाईचं?

मुंबईत तबेल्याचं दूध म्हणजे बहुतेक वेळा म्हशीचं. ते लवकर दाटतं आणि चव भरदार येते, पण फॅट जास्त असल्यामुळे जरा जास्त आटलं की तूप सुटतं. गाईच्या दुधाचा रंग सोनेरी येतो, पोत मऊ राहतो, वेळ मात्र दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतो. पहिल्यांदा करत असाल तर पिशवीचं फुल क्रीम घ्या, त्याचं प्रमाण रोज तेच असतं. टेट्रापॅकचं दूधही चालतं.

दूध ताजं असणं मात्र महत्त्वाचं आहे. सकाळी आलेली पिशवी दुपारपर्यंत ओट्यावर राहिली, तर चवीला कळणार नाही इतपत आंबटपणा तिच्यात आलेला असतो. चहाला ते दूध चालून जातं. कॅरेमलमध्ये दूध आटून निम्म्याहून कमी उरतं, त्याबरोबर तो आंबटपणाही दाट होत जातो आणि अर्ध्या वाटेवर दूध फाटतं. शंका असेल तर आधी अर्धी वाटी दूध उकळून पाहा.

सोडा कशाला? नाही घातला तर?

सोडा दोन कामं करतो. दुधातला आंबटपणा मारतो, म्हणून आटताना दूध फाटत नाही. आणि दूध किंचित अल्कधर्मी झालं की तपकिरी रंग लवकर धरतं. सोड्याशिवायही होतं, फक्त रंग फिका राहतो आणि पोत जरा रवाळ येतो, कलाकंदाकडे झुकणारा.

जास्त घातलात तर साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो. त्यावर उपाय नाही. बेकिंग पावडर घालू नका, तिच्यात आम्ल असतं.

कृती नीट सांगा.

भांडं मोठं घ्या. एक लिटर दुधाला चार लिटरची रुंद, जाड बुडाची स्टीलची किंवा हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढई. कल्हई केलेलं पितळी पातेलंही उत्तम. लोखंडी कढई नको, रंग आणि चव दोन्ही बिघडतात.

दूध आणि साखर एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा आणि साखर विरघळेपर्यंत ढवळा. दूध चांगलं गरम झालं, पण उकळी फुटायची आहे, अशा वेळी गॅस बंद करा. सोडा दोन चमचे पाण्यात कालवून घाला. दूध फसफसून वर येईल, घाबरू नका, ढवळत राहा. फेस बसला की पुन्हा गॅस लावा. गॅस चालू ठेवून सोडा घातला तर अर्धं दूध शेगडीवर जातं. याच एका पायरीवर सगळ्यात जास्त दूध वाया जातं.

पुढचा पाऊण तास मध्यम आच. या काळात सारखं उभं राहायची गरज नाही. दर तीन-चार मिनिटांनी बूड खरवडल्यासारखं लाकडी उलथनं फिरवा. कडेला चिकटणारी साय ओल्या ब्रशने खाली ढकला. ती कडेला वाळू दिली तर नंतर गुठळ्या होऊन आत पडते. दूध आधी मलईच्या रंगाचं होईल, मग दूध जास्त घातलेल्या चहाच्या रंगाचं.

चहाचा रंग आला की आच मंद करा आणि मोबाइल बाजूला ठेवा. इथून पुढची वीस-पंचवीस मिनिटं जागेवरून हलायचं नाही. बुडबुडे मोठे, जड होतात आणि पच्‌पच् फुटून अंगावर उडतात, म्हणून लांब दांड्याचं उलथनं हवं. उलथनं बुडावरून ओढलं की मागे रस्ता दिसतो आणि क्षणभराने बुजतो. तो बुजायला एक-दोन सेकंद लागू लागले की वजन करा किंवा बशी-परीक्षा घ्या. फ्रीजमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, बशी तिरकी करा. थेंब सरकला पण पळाला नाही, तर झालं. मीठ आणि व्हॅनिला गॅस बंद केल्यावर घाला.

कढईत तुम्हाला हवं त्याहून पातळ दिसत असतानाच उतरवायचं. थंड झाल्यावर ते चांगलंच घट्ट होतं. कढईतच घट्ट दिसेपर्यंत थांबलात, तर दुसऱ्या दिवशी चमचा उभा राहील.

खाली लागलं तर?

खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता, चव पाहा, करपट वास नसेल तर पुढे चालू ठेवा. अर्जेंटिनातल्या घरांत पातेल्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकतात. उकळीने त्या हलत राहतात आणि बूड लागू देत नाहीत. आपल्याकडे दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यात छोटी बशी पालथी घालतात, तिनेही हे काम होतं. मिश्रण दाटल्यावर मात्र ती काढून घ्या. इंडक्शनवर मधला भाग जास्त तापतो, तिथे आच आणखी कमी ठेवा.

चार दिवसांनी कॅरेमल जिभेला बारीक वाळूसारखं लागतं. साखर परत जमली का?

बहुतेक वेळा दोष घातलेल्या साखरेचा नसतो. हिशेब मांडून पाहू. ५७० ग्रॅम कॅरेमलमध्ये पाणी उरतं सुमारे १७० ग्रॅम. आपण घातलेली २५० ग्रॅम साखर तेवढ्या पाण्यात आरामात मावते. लॅक्टोजचं तसं नाही. एक लिटर दुधात ती पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम असते, आणि फ्रीजच्या थंडीत १७० ग्रॅम पाण्यात त्यातली पंचवीस ग्रॅमसुद्धा धड विरघळून राहत नाही. उरलेली हळूहळू खड्यांच्या रूपात बाहेर पडते. जिभेला लागते ती हीच.

पूर्ण थांबवता येत नाही, पण खडे इतके बारीक ठेवता येतात की जिभेला कळत नाहीत. त्यासाठी लवकर थंड करायचं आणि थंड होताना ढवळत राहायचं. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात कढई ठेवा आणि कोमट होईपर्यंत, दहा-बारा मिनिटं, सावकाश ढवळा. ओट्यावर तसंच ठेवून रात्रभर निवू दिलं तर कमी पण मोठे खडे तयार होतात. कडेचं वाळलेलंही खरवडून आत घालू नका, प्रत्येक कण नव्या खड्याचं बी ठरतो.

आधीच वाळू झाली असेल तर अडीच-तीन मोठे चमचे दूध घालून मंद आचेवर उकळी येईपर्यंत गरम करा आणि पुन्हा बर्फाच्या पाण्यात निववा. आणि एक विनंती: पाकात घालतो तसे लिंबाचे थेंब इथे घालू नका. दूध फाटेल. पाकाची युक्ती पाकातच ठेवावी.

तूप सुटलंय, किंवा गुठळ्या झाल्यात.

तूप सुटलं म्हणजे पाणी फार आटलं. दोन-तीन चमचे कडकडीत गरम दूध घालून हँड ब्लेंडर फिरवा, पुन्हा एकजीव होतं. गुठळ्यांनाही ब्लेंडर चालतो, नाहीतर गरम असतानाच गाळणीतून घासून काढा. थंड झाल्यावर गाळणीतून काही उतरणार नाही.

कन्डेन्स्ड मिल्कचा डबा बंदच कुकरमध्ये उकळतात. सुरक्षित आहे का?

आम्ही तो सल्ला देत नाही. बंद डबा पाण्यात पूर्ण बुडालेला नसेल किंवा पाणी आटलं, तर तो फुटू शकतो. ओढून उघडायची कडी असलेल्या डब्यांची झाकणं त्यात आणखी कमकुवत. गरम डबा घाईने उघडला तरी आतलं उकळतं कॅरेमल तोंडावर उडतं.

त्यापेक्षा ४०० ग्रॅम कन्डेन्स्ड मिल्क स्टीलच्या सपाट डब्यात ओता, वर फॉइल घट्ट मुडपा आणि त्यावर झाकण नुसतं टेकवा. हवाबंद करायचं नाही, फक्त वाफेचं पाणी आत टपकू द्यायचं नाही. कुकरमध्ये जाळी ठेवा, डब्याच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, किमान तीन ग्लास तरी हवं. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक. ३० मिनिटांत फिका रंग, ४० ते ४५ मिनिटांत गडद. कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं आणि दुधातलं पाणी कारखान्यातच काढलेलं असतं, म्हणून इतक्या लवकर होतं.

शिट्टी उचलून वाफ काढू नका. दाब एकदम उतरला की डब्यातलं मिश्रणही उसळून बाहेर येतं. कुकर आपोआप पडू द्या. झाकण काढल्यावर खरवसाच्या वडीसारखं थबथबीत, थोडं ओबडधोबड दिसेल. बिघडलेलं नाही. गरम असतानाच काट्याने किंवा रवीने फेटा, मिनिटभरात चकचकीत होतं.

दुधापासून केलेल्याची चव जास्त खोल असते हे खरं. पण आठवड्याच्या मध्ये ऑफिसातून लोकलने घरी येऊन दीड तास कढईपाशी कोण उभं राहणार? कुकर वापरा.

मायक्रोवेव्हमध्ये?

कन्डेन्स्ड मिल्कचं होतं. मोठ्या काचेच्या बोलमध्ये, ५० टक्के पॉवरवर, दर मिनिट-दीड मिनिटाने काढून ढवळत, एकूण आठ-दहा मिनिटं. उतू जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पोतही कुकरइतका चांगला येत नाही.

साखर कमी केली तर? गूळ? शुगर-फ्री?

लिटरला २०० ग्रॅमपर्यंत उतरता येतं. त्याहून कमी केलीत तर टिकाऊपणा जातो आणि लॅक्टोजची वाळू लवकर दिसते. साखरेऐवजी शुगर-फ्रीच्या गोळ्या घातल्या तर हाती येतो तो गोड ओला खवा. चविष्ट असेलही, कॅरेमल नव्हे.

गूळ किंचित आंबट असतो आणि गरम दूध फाडतो. स्वाद हवाच असेल तर साखर ५० ग्रॅमने कमी करा आणि गॅस बंद करून कॅरेमल कोमट झाल्यावर ५० ग्रॅम बारीक किसलेला गूळ मिसळा.

उपासाला चालेल का?

दूध, साखर, मीठ, यात अडण्यासारखं काही नाही. काही घरांत सोडा आणि इसेन्स चालत नाही. तिथे ते दोन्ही वगळा, वेलची घाला, आणि साधं मीठ चालत नसेल तर सैंधव वापरा.

किती दिवस टिकतं?

उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, तीन आठवडे. चमचा कोरडाच घालायचा. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेर ठेवायचा विचारही करू नका, ओलसर हवेत वरच्या थरावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. डीप फ्रीझरमध्ये तीन महिने राहतं आणि साखरेमुळे दगडासारखं गोठत नाही.

कशाकशात वापरता येतं?

सगळ्यात सोपं म्हणजे बनमस्का. लोण्यावर पातळ थर, वर मिठाचे दोन-चार कण. वसईची वेलची केळी कापून त्यावर घातली तर मुलं दुसरं काही मागत नाहीत.

मारी बिस्किटांच्या जोड्या: ५२० ग्रॅमपर्यंत आटवलेलं घट्ट कॅरेमल एक चमचा मध्ये, बिस्किटं दाबून कडा सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवायच्या. अर्जेंटिनातल्या आल्फाहोरची ही आपल्या वाण्याकडच्या सामानातली आवृत्ती. चार तास डब्यात ठेवलं की बिस्किट मऊ पडतं, मग खावं.

श्रीखंडात ५०० ग्रॅम चक्क्याला २०० ग्रॅम कॅरेमल आणि ५० ते ७५ ग्रॅम पिठीसाखर. चक्का नीट टांगलेला हवा, नाहीतर पातळ होतं. वेलची नको, जायफळ चालतं.

आमच्या मते मात्र याचा सगळ्यात चांगला उपयोग वाफवलेल्या दह्यात आहे. २०० ग्रॅम कॅरेमल, २०० ग्रॅम चक्का आणि २०० मिलिलिटर दूध. तिन्ही खोलीच्या तापमानाला आणून रवीने हलक्या हाताने एकजीव करायचं. जोरात घुसळलं तर फेस होतो आणि वर भोकं पडतात. गाळून वाट्यांत भरा, प्रत्येक वाटीवर फॉइल लावा, इडलीपात्रात किंवा बिनशिट्टीच्या कुकरमध्ये मध्यमहून कमी आचेवर २० ते २५ मिनिटं वाफवा. वाटी हलवली की कडा बसलेल्या आणि मधला रुपयाएवढा भाग थरथरता दिसला की काढा. फ्रीजमध्ये चार तास. अंडं नाही, जिलेटिन नाही, आणि पोत खरवस आणि इराण्याच्या कॅरेमल कस्टर्डच्या मधला. जास्त वाफवलं तर पाणी सुटतं. चक्का आंबट असेल तर सगळ्यावर पाणी फिरतं, तो गोडच हवा.

केकच्या थरातून कॅरेमल बाहेर ओघळतं.

मुंबईच्या उकाड्यात ओघळणारच. एक किलोच्या केकला २५० ग्रॅम पुरे. स्पंजच्या कडेला आधी व्हिप्ड क्रीमचं जाड वळं काढा, बांध घातल्यासारखं, आणि कॅरेमल त्या बांधाच्या आतच पसरा. थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको. प्रत्येक थरानंतर वीस मिनिटं फ्रीजमध्ये. ब्राऊनीत घालायचं तर पिठावर ठिपके टाकून काडीने नक्षी ओढा, पण कडेपर्यंत नेऊ नका, टिनला लागून करपतं.

तळणीच्या मोदकांत भरता येईल?

नुसतं भरलं तर तेलात फुटतं. दोन वाट्या सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस आणि तीन मोठे चमचे घट्ट कॅरेमल मळून त्याच्या गोळ्या करा, फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा आणि मग भरा. उकडीच्या मोदकांना हात लावू नका.

कुल्फी किंवा आइस्क्रीममध्ये घातलं तर घट्ट बसत नाही.

साखर जास्त झाली की गोठणबिंदू खाली जातो. एक लिटर दूध ६०० मिलिलिटरपर्यंत आटवून त्यात २०० ग्रॅम कॅरेमल घाला आणि वेगळी साखर अजिबात घालू नका.

चिकटलेली कढई कशी साफ करायची?

घासू नका. करपलेलं नसेल तर त्यात दोन कप दूध घाला, मंद आचेवर ठेवून उलथन्याने कडा सोडवा, वर एक चमचा इन्स्टंट कॉफी. साखर लागणार नाही.